छिन क्रूर आणि हान सज्जन, इतकेच का शिकवता? प्राचीन चीनचे पाठ लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
प्राचीन चीनचे पाठ लिहिणारे पाठ्यपुस्तकांचे लेखक, स्पर्धा परीक्षांसाठी जगाचा इतिहास शिकवणारे शिक्षक आणि या विषयावर मराठीतून टिपणे व व्हिडिओ काढणारी सर्व मंडळी यांस,

स. न. वि. वि.

मराठीत प्राचीन चीनवरचा मजकूर बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघतो. आधी घराण्यांची यादी: शिया, शांग, झोऊ, छिन, हान. मग कन्फ्यूशियसवर एक परिच्छेद, लाओत्सेवर एक. पुढे पहिला सम्राट येतो, ग्रंथ जाळतो, विद्वानांना पुरतो, भिंत बांधतो. लोक बंड करतात, हान घराणे येते, कन्फ्यूशियसचा विचार स्वीकारते आणि राज्य सुरळीत चालू लागते. यातले सनावळीचे आकडे बहुधा बरोबर असतात, पण एका घराण्यातून दुसऱ्यात जाताना सांधा चुकीचा जोडला जातो. राज्य प्रत्यक्षात चालत कसे होते, हे तर विद्यार्थ्याला कुठेच कळत नाही. म्हणून छिन आणि हान या दोन घराण्यांचा भाग नव्याने लिहावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्यासाठी लागणारी सामग्री गेल्या पन्नास वर्षांत जमिनीतून वर आलेली आहे.

सुरुवात शुइहूदीपासून करावी. हूपेई प्रांतातल्या युन्मंग इथे 1975च्या डिसेंबरात एक थडगे उघडले गेले, क्रमांक 11. आतला माणूस राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. शी नावाचा हा तालुका पातळीवरचा लेखनिक होता. त्याचा जन्म इ.स.पू. 262चा, आणि त्याच्याजवळच्या वार्षिक नोंदी इ.स.पू. 217ला थांबतात. शवपेटीत त्याच्या डोक्याशी आणि अंगाला लागून अकराशेच्या वर बांबूच्या पट्ट्या होत्या. एकेक पट्टी साधारण वीतभर लांब आणि सेंटिमीटरपेक्षाही कमी रुंद. त्यांवर शाईने कायदे लिहिलेले होते, तेही या लेखनिकाला रोजच्या कामात लागणारे: धान्याची कोठारे, शेती, वेठ, वजनमापांची तपासणी, चौकशीच्या पद्धती.

कोठाराचा नियम बघा. धान्य आत आले की दहा हजार शीची एक रास करायची (इथे शी हे धान्याचे माप, लेखनिकाच्या नावाशी त्याचा संबंध नाही). राजधानी शियेनयांगमध्ये मात्र एक रास एक लाख शीची. दारावर मोहोर एकट्याने लावायची नाही. तालुक्याचा अधिकारी किंवा त्याचा सहायक, कोठाराचा प्रमुख आणि गावपातळीचा माणूस, सगळ्यांनी मिळून लावायची. धान्य बाहेर काढतानाही कोणी काढले त्याची तशीच नोंद. धान्य सडून खाण्याजोगे उरले नाही, तर शंभर शीपर्यंत कोठारप्रमुखाला ताकीद, शंभर ते हजार शीला एका चिलखताचा दंड, हजाराच्या वर दोन चिलखते. शिवाय सडलेले धान्य त्याने आणि हाताखालच्या कारकुनांनी मिळून भरून द्यायचे. उंदरांच्या बिळांचाही हिशेब ठरलेला आहे. कोठारात तीन किंवा अधिक बिळे सापडली तर एका ढालीचा दंड, दोन किंवा कमी असतील तर ताकीद. आणि चिचुंद्रीएवढ्या बारीक उंदराची तीन बिळे म्हणजे मोठ्या उंदराचे एक बीळ धरायचे. हा एक नियम वर्गात वाचून दाखवला, तर छिन राज्य कशाच्या जोरावर उभे होते हे विद्यार्थ्याला लगेच कळेल. हे बिळे मोजणारे राज्य होते.

वजनकाट्याचा नियमही असाच. 120 चिन म्हणजे साधारण तीस किलोचे वजन. त्यात एक चिन, म्हणजे पाव किलोच्या आसपास किंवा जास्त फरक निघाला, तर संबंधित अधिकाऱ्याला चिलखताचा दंड. अर्धा ते एक चिन फरक असेल तर ढालीचा. मोजमापाच्या या शिस्तीचा पुरावा शांघायच्या संग्रहालयात धातूच्या रूपात आहे. छिन राज्यात सुधारणा करणारा मंत्री शांग यांग याने इ.स.पू. 344मध्ये करवलेले काशाचे मापटे तिथे आहे, त्यात सुमारे 202 मिलिलिटर मावते. त्याच मापट्यावर इ.स.पू. 221ला, म्हणजे 123 वर्षांनी, पहिल्या सम्राटाची एकीकरणाची आज्ञा कोरली गेली. ‘सम्राटाने वजनमापे एक केली’ हे वाक्य आपण सगळेच लिहितो. पण नवे माप शोधले गेले नव्हते, छिन राज्यात शतकभर चाललेलेच माप जिंकलेल्या मुलखाला लावले गेले, हे लिहायचे राहून जाते.

आता सगळ्यांत जास्त सांगितल्या जाणाऱ्या कथेकडे येऊ. इ.स.पू. 209च्या पावसाळ्यात सीमेवर पहाऱ्याला निघालेले 900 लोक दात्स गावाशी पुरात अडकले. उशीर झाला तर कायद्याने सगळ्यांचा शिरच्छेद ठरलेला, म्हणून चन शंग आणि वू ग्वांग यांनी बंड पुकारले. ही कथा सिमा च्येन या हान दरबारातल्या इतिहासकाराची आहे, घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिलेली. शीच्या पट्ट्यांवर वेठीच्या कामाचा जो कायदा आहे, तो असा: तीन ते पाच दिवस उशीर, तर ताकीद, सहा ते दहा दिवस, तर एक ढाल, दहाच्या वर, तर एक चिलखत, पावसापाण्याने काम अडले, तर ती भरती रद्द. शिरच्छेदाचा त्यात उल्लेखही नाही.

म्हणून सिमा च्येन खोटा ठरवावा, असे आम्ही म्हणत नाही. सीमेवरचा पहारा हे लष्करी काम, त्याला वेगळे आणि कडक नियम असणे शक्य आहे. शिवाय वेठीच्या कायद्यातला दंड उशिरा येणाऱ्या माणसाला होता की माणसे पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला, यावरही अभ्यासकांचे एकमत नाही. पण ‘छिनमध्ये उशिराला मृत्युदंड होता’ असे सरसकट वाक्य आता लिहिता येणार नाही. बंडखोरांनी लोकांना चिथवण्यासाठी ते म्हटले असेल, हान दरबाराला ते सोयीचेही होते. ते एका बाजूचे म्हणणे आहे, असे सांगूनच ते शिकवावे.

दुसरीकडे, कायद्यात शिरच्छेद नाही म्हणून छिन राज्य मवाळ होते असेही कोणी लिहू नये. दंडाची रक्कम काढून बघा. छिन काळातल्याच, युएलू नावाच्या संग्रहातल्या बांबूच्या पट्ट्यांत एका चिलखताची किंमत 1,344 नाणी आणि ढालीची 384 नाणी दिली आहे. दंड भरायला पैसे नसतील तर सरकारी कामावर राबून फेडायचा, रोजचे आठ नाणी. जेवण सरकारचे असेल तर सहा. म्हणजे एका ढालीसाठी घरचे खाऊन 48 दिवस किंवा सरकारचे खाऊन 64 दिवस. चिलखतासाठी 168 किंवा 224 दिवस. पेरणीला आणि खुरपणीला प्रत्येकी वीस दिवस घरी जायची मुभा होती, कारण शेत पडीक राहिले तर करही बुडतो. छिनच्या जाचाचे खरे रूप हे आहे. किरकोळ चुकीपायी शेतकऱ्याच्या वर्षातले दीड ते साडेसात महिने सरकारजमा होत. त्यातच सम्राटाचे थडगे, राजवाडे, रस्ते आणि सीमेवरच्या मोहिमा यांसाठी एकाच वेळी माणसे ओढली गेली. हा गुणाकार विद्यार्थ्याला स्वतः करू द्या, एरवी त्याच्या वहीत फक्त ‘जुलूम’ हा शब्द उरतो.

शीच्या शवपेटीत आणखी दोन गोष्टी होत्या आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांसाठी त्या सर्वांत महत्त्वाच्या आहेत. एक, चांगला अधिकारी कसा असावा यावरचा उपदेश. त्यात अधिकाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत: निष्ठा, स्वच्छ हात, नीट तपासून काम करणे, सत्कर्माची आवड, नम्रता. राजा दयाळू, सेवक निष्ठावान, बाप मायाळू, मुलगा पितृभक्त असणे हे राज्यकारभाराचे मूळ आहे, असेही त्यात म्हटले आहे. हे वाक्य कोणालाही दाखवा, तो कन्फ्यूशियसच्या शिष्याचे म्हणेल. ते सापडले आहे छिन कायदा राबवणाऱ्या माणसाच्या शवपेटीत. दुसरी गोष्ट म्हणजे शुभाशुभ दिवसांची पंचांगे: प्रवासाला कधी निघावे, घर कधी बांधावे, भुतांना कसे हाकलावे. चौकशीच्या पद्धतींच्या पट्ट्यांवर तर असे लिहिले आहे की मारहाण न करता, लेखी जबान्यांचा माग काढून खरे शोधणे उत्तम, मारून काढणे हलके, आणि माणूस भ्यायला तर चौकशी बिघडलीच.

हे सगळे एका माणसाजवळ होते. त्यामुळे ‘छिन म्हणजे दंडनीतीवादी (कडक कायदा आणि शिक्षेवर राज्य चालवणारा) पंथ, हान म्हणजे कन्फ्यूशियसपंथ’ अशी दोन खाती पाडणे टिकत नाही. मुळात विचारांचे सहा पंथ अशी वाटणी आपल्याला माहीत आहे ती हान काळातली, सिमा च्येनचे वडील सिमा तान (मृत्यू इ.स.पू. 110) यांनी केलेली. इ.स.पू. 771ला पश्चिम झोऊ कोसळल्यावर नात्यागोत्याने बांधलेली सरंजामी घडी विस्कटली आणि राज्ये एकमेकांना गिळू लागली. लू राज्यातला कन्फ्यूशियस (इ.स.पू. 551–479), पुढे मोत्सू, मेन्शियस, शुन्त्सू हे सारे एकाच प्रश्नाभोवती बोलत होते: नाते पुरत नाही तेव्हा माणसांना एकत्र बांधायचे कशाने? त्यांतले बरेच जण एका दरबारातून दुसऱ्या दरबारात नोकरी शोधत फिरत होते. शांग यांग वे राज्यातून छिनमध्ये आला आणि इ.स.पू. 356पासून त्याने कुटुंबांचे पाच-पाचाचे गट करून एकमेकांच्या गुन्ह्याला जबाबदार धरले, लढाईतल्या पराक्रमावर दर्जा देऊ केला. सम्राटाचा मंत्री ली स आणि दंडनीतीचा मोठा लेखक हान फेई हे दोघेही सभ्याचार शिकवणाऱ्या शुन्त्सूचे शिष्य. हे गुरुशिष्याचे नाते पाठात आले, तर पंथांमधली भिंत आपोआप पातळ होते.

आता हान. झांगच्याशान इथल्या 247 क्रमांकाच्या थडग्यात 1983–84च्या सुमारास इ.स.पू. 186चे हान कायदे सापडले, पाचशेच्या वर पट्ट्या. छिन पडून वीस वर्षे झाली होती, पण दंड, दर्जे, कोठारे, वेठ यांचा सांगाडा छिनचाच आहे. त्यात लेखनिकाच्या परीक्षेचा नियम आहे आणि तो पाठ्यपुस्तकात जसाच्या तसा यावा असे आम्हाला वाटते. लेखनिकाचा मुलगा सतराव्या वर्षी शिकायला लागतो. तीन वर्षांनी आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी परीक्षा. पाच हजारांहून जास्त अक्षरे म्हणता-लिहिता आली तर लेखनिक होता येते. पुढे अक्षरांच्या आठ वळणांची परीक्षा. तीत पहिला येईल तो तालुक्याचा मुख्य लेखनिक. दोन हजार वर्षे टिकलेल्या नोकरशाहीचा पाया असा घातला गेला.

पितृभक्तीचेही तसेच. आईबापांनी मुलावर ‘हा पितृभक्त नाही’ अशी फिर्याद केली तर हान कायद्यात भर बाजारात देहदंड. फिर्यादी सत्तरीच्या वरचा असेल तर मात्र फिर्याद तीनदा परत पाठवून मगच दाखल करायची. शीच्या छिन पट्ट्यांत हाच प्रश्न विचारला आहे आणि उत्तर आहे: परत पाठवू नका, ताबडतोब पकडा. म्हणजे ज्या गुणाला आपण कन्फ्यूशियसचा म्हणतो, तो दोन्ही राज्यांत शिक्षेच्या धाकाने राबवला जात होता. हानने सबुरीची एक पायरी वाढवली.

मग हानने वेगळे काय केले? बरेच काही केले, पण सावकाश. सम्राट वन याने इ.स.पू. 167ला अवयव तोडण्याच्या शिक्षा बंद केल्या. सम्राट वू याने इ.स.पू. 136ला कन्फ्यूशियसपंथाच्या पाच अभिजात ग्रंथांसाठी अध्यापक नेमले, इ.स.पू. 134पासून प्रत्येक सुभ्याकडून दरवर्षी पितृभक्त आणि सचोटीची माणसे नेमणुकीसाठी मागवली, आणि इ.स.पू. 124ला राजविद्यालय सुरू केले ते अवघ्या 50 विद्यार्थ्यांवर. याच सम्राटाने मीठ आणि लोखंडाचा धंदा सरकारच्या ताब्यात घेतला. कन्फ्यूशियसपंथी विद्वानांनी इ.स.पू. 81च्या दरबारी वादात त्यावर कडाडून टीका केली, तरी लोखंड आणि मिठावरचा सरकारी ताबा तेव्हा सुटला नाही. पुढे सम्राट श्वान याने विद्वानांवर भाळलेल्या राजपुत्राला सुनावले की हान घराण्याची स्वतःची पद्धत आहे, तिच्यात सत्तेचा मार्ग आणि सद्गुणाचा मार्ग मिसळलेले आहेत. ‘हानने कन्फ्यूशियसपंथ स्वीकारला’ या वाक्याशेजारी श्वानचे हे बोल छापावेत.

घराणे बदलताना चूक कुठे होते हे दाखवायचे असेल, तर सुभेदारीचा प्रश्न घ्यावा. इ.स.पू. 221ला मंत्री वांग वान म्हणाला, दूरच्या मुलखात राजपुत्रांना राज्ये द्या. ली सने विरोध केला: झोऊ घराण्याने नातलगांना राज्ये दिली आणि काही पिढ्यांत तेच शत्रू झाले. सम्राटाने ली सचे ऐकले आणि 36 सुभे केले, प्रत्येकात कारभार, सैन्य आणि देखरेख यांसाठी तीन वेगळे अधिकारी. हानच्या पहिल्या सम्राटाने मध्यम मार्ग काढला: पश्चिमेला सुभे, पूर्वेला भावाबंदांची राज्ये. ली सची भीती इ.स.पू. 154ला खरी ठरली, सात राज्यांनी एकत्र बंड केले. ते मोडल्यावर इ.स.पू. 127ला वू सम्राटाने राजांना आपला मुलूख सगळ्या मुलांत वाटू देण्याची मुभा दिली. वरकरणी मेहेरबानी, पण दोनतीन पिढ्यांत राज्यांचे तुकडे झाले. छिन हरले तरी छिनची व्यवस्था जिंकली ती अशी.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक विनंती. इ.स. 2च्या हान जनगणनेत 1,22,33,062 घरे आणि 5,95,94,978 माणसे नोंदली आहेत. हा आकडा कुठे कुठे दिला जातो, पण त्यामागचा कारभार कोणी दाखवत नाही. च्यांगसू प्रांतात यिनवान इथे 1993मध्ये दोंगहाय सुभ्याचे सरकारी गोषवारे सापडले: 38 तालुके आणि जहागिरी, 2,66,290 घरे, 13,97,343 माणसे, 2,203 अधिकारी-कर्मचारी. म्हणजे सुमारे 634 माणसांमागे एक सरकारी माणूस. त्याच गोषवाऱ्यात नव्वदीच्या पुढचे 11,670 लोक दाखवले आहेत, तर सत्तरी ओलांडून सन्मानाची काठी मिळालेले फक्त 2,823! म्हाताऱ्यांना सवलती होत्या आणि सुभेदाराच्या कामाची पारख वरिष्ठ याच आकड्यांवरून करत. त्यामुळे आकडे फुगवले गेले असावेत असा अभ्यासकांचा संशय आहे. लेखी हिशेबावर चालणारे राज्य कुठे पोकळ होते, हे या एका पट्टीवरून कळते.

हे वर्गात कसे बसवायचे, असा प्रश्न येणारच. दोन तासिका पुरतात. पहिलीत फळ्यावर उशिराचा कायदा, किमती आणि रोजंदारी लिहा, विद्यार्थ्यांना दिवस काढू द्या, नंतरच चन शंगची कथा सांगा. क्रम उलटला की कथा डोक्यात पक्की बसते आणि आकडे नुसते तोंडी लावायला उरतात. दुसऱ्या तासिकेला लीये इथल्या विहिरीत 2002मध्ये मिळालेला पाढ्यांचा लाकडी तक्ता घ्या. त्या विहिरीत मिळालेले लिखाण म्हणजे छिन काळातले छ्येनलिंग तालुक्याचे दप्तर. तक्ता ‘नऊ नव्वे एक्याऐंशी’पासून सुरू होऊन उतरत खाली येतो आणि शेवटी ‘एक आणि एक दोन’, ‘दोन अर्धे एक’. तळाशी सगळ्या उत्तरांची बेरीज दिली आहे: 1,113. मुलांना ती बेरीज करायला लावा. दोनच्या पाढ्यापासून नवाच्या पाढ्यापर्यंत प्रत्येक जोडी एकदाच धरली की 1,110 येतात, शेवटचे दोन आणि एक मिळवले की हिशेब जुळतो. नक्कल करताना चूक झाली का हे बघायला कारकुनाला ती बेरीज उपयोगी पडत असणार.

बारीकसारीक दुरुस्त्या थोडक्यात. शिया घराण्याच्या काळातला लेखी पुरावा नाही, त्याला नेमकी सनावळ देऊ नये. समकालीन लेखन सुरू होते ते आन्यांगच्या शांगकालीन भाकितांच्या हाडांवर, इ.स.पू. 1250च्या आसपास. ग्रंथदहनाच्या आज्ञेतून (इ.स.पू. 213) वैद्यक, शकुन आणि शेतीची पुस्तके वगळलेली होती, दरबारी पंडितांकडच्या प्रतीही. पुढच्या वर्षी पुरल्या गेलेल्या 460 जणांचा आकडाही सिमा च्येनचाच, आणि त्या प्रकरणाची सुरुवात सम्राटाला अमरत्वाचे औषध देऊ करणाऱ्या दोन मांत्रिकांच्या पळून जाण्यातून झाली. पुस्तकांत ज्या विटांच्या भिंतीचे चित्र असते ती फार नंतरच्या मिंग घराण्याच्या काळातली आहे. स्पर्धा परीक्षेतून अधिकारी निवडायची पद्धत हानची नाही, ती इ.स. 581नंतरच्या सुई घराण्यापासून. हानमध्ये शिफारस चालत होती.

आणि प्रश्नपत्रिकेबद्दल. ‘छिन घराण्याच्या ऱ्हासाची कारणे लिहा’ हा प्रश्न असेल तोवर उत्तरही तेच पाठ केलेले येणार. त्याऐवजी विद्यार्थ्यापुढे वेठीचा कायदा आणि सिमा च्येनची कथा यांचे दोन छोटे उतारे ठेवा आणि विचारा: या दोन्हींत फरक का आहे, याची दोन शक्य कारणे द्या, आणि तुमचे मत बदलेल असा कोणता पुरावा तुम्हाला हवा ते सांगा. पुढच्या आवृत्तीत असा एक जरी प्रश्न घ्यायचा ठरला, तर उताऱ्यांचे मराठी भाषांतर तपासून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
प्राचीन चीनच्या इतिहासाचे काही मराठी अभ्यासक